देठातली रेघ

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची बाग फुलोऱ्यात आली की निफाड तालुक्यातल्या माती-पान परीक्षणाच्या प्रयोगशाळांमध्ये कागदी पिशव्यांची रांग लागते. पिशवीवर गट नंबर, वाण, खुंट आणि छाटणीची तारीख लिहिलेली असते. आत घडासमोरच्या पानांचे देठ. पानाचं पातं शेतातच तोडून टाकलेलं, देठ तेवढे आणलेले. काही दिवसांनी एक कागद हातात येतो. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, जस्त, लोह, प्रत्येकापुढे आकडा, आणि आकड्यापुढे ‘कमी’, ‘योग्य’ किंवा ‘जास्त’. पुढच्या महिनाभराचा खतांचा खर्च त्या कागदावर ठरतो.

हे आकडे येतात कुठून, असं बागायतदाराला विचारलं तर ‘मशीनमधून’ असं उत्तर मिळतं, आणि ते चूक नाही. पण त्या यंत्राने देठातलं पालाश चाळून वेगळं काढलेलं नसतं, की तराजूत घातलेलं नसतं. देठ वाळवून, दळून, आम्लात विरघळवून जो द्राव तयार झाला, तो बारीक तुषारांनी ज्योतीत सोडला आणि ज्योत कोणत्या रंगाने किती उजळली ते पाहिलं. पालाशाविषयी जे कळलं ते प्रकाशाने सांगितलं. ज्या तालुक्यात या कागदावर विसंबून एकरी हजारो रुपये जमिनीत आणि फवाऱ्यात जातात, तिथं ही साक्ष कशी दिली जाते, ती कुठवर पक्की असते आणि कुठून पुढे तिचा अंदाज होतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बागेतला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. पानांच्या कडा जळायला लागतात. पालाश कमी पडलं तरी कडा जळतात, आणि जमिनीत-पाण्यात सोडियम व क्लोराइड वाढलं तरी कडाच जळतात. भारी काळ्या जमिनीत, जिथं निचरा मंद आणि विहिरीचं पाणी मचूळ, तिथं ही दोन्ही दुखणी एकाच वेळी असू शकतात, कारण सोडियम वाढलं की मुळांना पालाश उचलणं जड जातं. डोळ्याला दोन्ही पानं सारखीच दिसतात. उपाय मात्र वेगळे. एकीकडे सल्फेट ऑफ पोटॅश द्यायचं. दुसरीकडे निचरा काढायचा, जिप्सम किंवा चुनखडीच्या जमिनीत गंधक घालायचं, जमलं तर पाणी बदलायचं. निदान चुकलं तर पैसा जातो आणि काडीही जाते. ज्योतीत मात्र या दोघांची गल्लत होत नाही. सोडियम ५८९ नॅनोमीटरला पिवळं उजळतं. पालाश, म्हणजे पोटॅशियम, ७६६ ते ७७० नॅनोमीटरच्या दरम्यान, दिसणाऱ्या प्रकाशाच्या अगदी तांबड्या टोकाला उजळतं, आणि त्याची एक फिकी रेघ जांभळ्यात असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फ्लेम फोटोमीटरमधली रंगाची गाळणी बदलली की एक गप्प होतो आणि दुसरा बोलू लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्योत-परीक्षेच्या वेळी डोळ्यासमोर कोबाल्टची निळी काच धरायला सांगतात ती याचसाठी. मिठाचा पिवळा इतका भडक असतो की पोटॅशियमचा जांभळा त्यात बुडून जातो, आणि ती काच पिवळा अडवून जांभळा येऊ देते.

प्रकाशाची ही साक्ष माणसाला उशिरा कळली. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंत याने १८३५ साली लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांचे आकार, अंतरं आणि गती माणसाला कळतील, पण ते कशाचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही. त्याचं म्हणणं तर्काला सोडून नव्हतं. पदार्थ ओळखायचा तर तो हातात हवा, आणि तारा हातात येत नाही. जर्मनीतला भिंगं घडवणारा फ्राउनहोफर याने त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८१४ मध्ये, सूर्याच्या वर्णपटातल्या पाचशेहून अधिक काळ्या रेघा नोंदवल्या होत्या, पण त्या कशाच्या हे त्याला सांगता आलं नव्हतं. कोंत १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी हायडेलबर्गमध्ये किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की ज्योतीतलं सोडियम जिथं पिवळी रेघ उमटवतं, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात काळी रेघ आहे. वायू तापला की जो रंग देतो, तोच रंग मागून अधिक तप्त उजेड आला तर तो गिळतो. या एका नियमाने सूर्य प्रयोगशाळेच्या टेबलावर आला. १८६० मध्ये त्याच दोघांनी खनिज पाण्याच्या वर्णपटात दोन अनोळखी निळ्या रेघा पाहून सिझियम शोधलं, आणि पुढच्या वर्षी रुबिडियम. एखादं मूलद्रव्य आधी दिसलं आणि मग हातात आलं, असं याआधी घडलं नव्हतं.

रेघा अशा ठरलेल्या जागीच का, याचं उत्तर मिळायला आणखी अर्धं शतक गेलं. बारवेत उतरताना पाय पायरीवरच ठेवावा लागतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहायला जागा नसते. अणूतल्या इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना जेवढा उतार पडला, तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे नेमक्या त्याच रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनसाठी हा हिशेब मांडला. प्रत्येक मूलद्रव्याची बारव निराळ्या बांधणीची, आणि जस्ताची बारव मात्र निफाडच्या देठात काय किंवा दूरच्या ताऱ्यात काय, एकाच मापाची.

साध्या ज्योतीत जस्त जवळजवळ उजळतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी १९५० च्या दशकात प्रश्नच उलटा केला. उजळायला सांगण्याऐवजी त्याला गिळायला सांगायचं. दिव्यातच जस्त बसवायचं, त्या दिव्याचा २१३.९ नॅनोमीटरचा अतिनील उजेड ज्योतीतून पलीकडे न्यायचा, आणि वाटेत किती कमी झाला ते मोजायचं. ज्योतीत लोह असेल, तांबं असेल, मँगेनीज असेल. तो उजेड अडवतं ते जस्तच. लोहासाठी लोहाचा दिवा, तांब्यासाठी तांब्याचा. प्रयोगशाळेत या यंत्राला सगळे ‘एएएस’ म्हणतात. मला ही कल्पना विज्ञानातल्या फार सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. जस्ताविषयी जस्तालाच विचारायचं.

पण याच सौंदर्यात एक मर्यादा आहे, आणि ती अहवालावर कुठं छापलेली नसते. जस्ताचा दिवा फक्त जस्ताविषयी विचारतो. जे विचारलं नाही, त्याविषयी यंत्र काहीही बोलत नाही, आणि आपण त्या मौनाचा अर्थ ‘नाही’ असा घेतो. आयसीपीसारखी नवी यंत्रं एका दमात अनेक मूलद्रव्यांच्या रेघा वाचतात, तरी कागदावरचे रकाने मोजकेच राहतात. न विचारल्याची किंमत द्राक्षपट्ट्याने मोजलेली आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. काडीची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून वापरलं जाणारं हे संजीवक बागायतदार ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात. निर्यातीला जबर फटका बसला. निर्यातीआधी आपल्याकडे द्राक्षांची तपासणी होत होती, पण तपासायच्या यादीत ते नाव नव्हतं. (त्या तपासणीतलं यंत्र प्रकाशाचं नसतं. नावात ‘स्पेक्ट्रो’ असलं तरी मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना आणि त्यांच्या तुकड्यांना त्यांच्या वजनावरून ओळखतो. देठाच्या कागदावरचं नत्रही या रेघांच्या कुळातलं नाही; ते पारंपरिक पद्धतीत आम्लात पचवून, अमोनिया करून मोजलं जातं.) यंत्र कोणतंही असो, उत्तर प्रश्नाएवढंच मिळतं.

दुसरी मर्यादा आमच्या घरच्या बागेत आम्ही स्वतः अनुभवली. एकाच दिवशी, एकाच ओळींतून तोडलेले देठ दोन पिशव्यांत घालून दिले होते. जस्ताचे आकडे इतके वेगळे आले की आधी प्रयोगशाळेवरच शंका घेतली. मग लक्षात आलं की एका पिशवीतले देठ धुतलेले होते आणि दुसरीतले तसेच कोंबलेले, आणि आठवडाभर आधी बागेवर झिंक सल्फेटची फवारणी झाली होती. यंत्राने दोन्ही वेळा खरंच सांगितलं. ज्योतीत आलेलं जस्त देठाच्या आतून आलं की सालीवरच्या वाळलेल्या थेंबातून, हे प्रकाशाला दिसत नाही. पत्र्याच्या जस्तलेपित बादलीत मातीचा नमुना कालवू नये असं सांगतात त्याचंही कारण हेच.

लोहाचं कोडं याहून खोल आहे. आपली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे आणि बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं. तरी चुनखडीच्या जमिनीत वेलीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि आपण लोहाचं खत आणतो. लोह आहे, पण वेलीला घेता येत नाही अशा रूपात. म्हणून प्रयोगशाळेत माती आम्लात पूर्ण विरघळवत नाहीत. डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावात ती हलवतात आणि त्यात जेवढं लोह उतरेल तेवढंच मोजतात. रेघ त्या द्रावातल्या लोहाची असते. हा द्राव मुळाची बरोबरी करतो, हा माणसाने बऱ्याच अनुभवाने बांधलेला ठोकताळा आहे. बाटलीपासून पुढे अणूंचा कायदा चालतो. शेतापासून बाटलीपर्यंतचा रस्ता माणसाने आखलेला आहे.

रेघ खरी आणि तिला दिलेलं नाव चुकीचं, असंही होतं, आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट मराठी मुलखाच्या सरहद्दीवर घडली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, जे आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात येतं, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. आकाशात ढग होते. मधल्या उघडिपीत सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात त्याला चमकत्या रेघा दिसल्या. त्यांतली एक पिवळी-नारिंगी. त्याच्या उपकरणाच्या कुवतीत ती सोडियमच्या रेघेवरच बसत होती, आणि तसंच त्याने नोंदवलं. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन होता. ज्वालांच्या रेघा इतक्या तेजस्वी की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहून दाखवल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे तेच साधलं, आणि पिवळ्या रेघेची जागा काटेकोर मोजत गेल्यावर ती सोडियमची नव्हे हे स्पष्ट झालं. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ ला, ही ५८७.६ ला. पृथ्वीवरच्या कोणत्याच माहीत पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’. १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा कुठे ते नाव पक्कं झालं.

विजयदुर्गावर लॉकियरने १८६८ मध्ये हेलियम शोधला अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वर्णपटाची उपकरणं घेऊन गेले होते. आपल्या मातीत घडलेल्या खऱ्या गोष्टी इतक्या भारी आहेत की खोटी जोडायची गरज नाही. जमखंडीचं नाव तर महाराष्ट्रात कुणी घेतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

हेलियमचं यश पाहून त्याच रीतीने आणखी एक नाव दिलं गेलं. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेघ दिसली, कशाशीच जुळेना, आणि ‘कोरोनियम’ हे नवं मूलद्रव्य पुस्तकांत शिरलं. सत्तर वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी उलगडा केला. ते लोहच होतं. प्रचंड उष्णतेने तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. आपल्याच काळ्या मातीतलं लोह, ओळखू न येणाऱ्या अवस्थेत. एकाच पद्धतीने दोन नावं सुचवली, एक टिकलं, दुसरं गेलं. फरक पडला तो नमुना हातात येऊन ताडून पाहता आला की नाही यामुळे.

शिवाय ठळक रेघ म्हणजे भरपूर माल, असंही नसतं. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेघा फार ठसठशीत आहेत, आणि तरी सूर्यात कॅल्शियम अगदी थोडं. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये तापमान आणि दाबानुसार अणूंची अवस्था कशी बदलते याचं समीकरण दिलं. त्याचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्या काळच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. रेघेच्या ठळकपणावरून प्रमाण थेट कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही दर वेळी आधी माहीत प्रमाणाचे द्राव पाजावे लागतात, आणि त्यांच्याशी तुलना करूनच देठाचा आकडा निघतो. ते प्रमाणित द्राव जुने किंवा चुकीचे असतील तर रेघ निर्दोष असूनही आकडा खोटा येतो.

हे सगळं आज सांगणं मला निकडीचं वाटतं, कारण बाजारात प्रकाशाची आणखी एक जात आली आहे. हातात मावणारं यंत्र मातीवर टेकवायचं, मिनिटात मोबाईलवर नत्र-स्फुरद-पालाश. उपग्रहाच्या चित्रावरून बागेचं ‘पोषण’ सांगणाऱ्या सेवा. यांत रेघा नसतात, पट्टे असतात. लासलगावच्या लिलावात एकट्याने पुकारलेला भाव लांबून स्पष्ट ऐकू येतो, पण अख्खं आवार एकदम बोलायला लागलं की कोण काय म्हणालं ते कळत नाही. गर्दी किती, चढ आहे की उतार, एवढंच कळतं. वायूतला एकटा अणू पहिल्यासारखा आणि ढेकळातले एकमेकांना चिकटलेले अणू-रेणू दुसऱ्यासारखे. लाल रंगाच्या पलीकडे न दिसणारा प्रकाश आहे हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये दाखवलं. जमखंडीला बसलेला लेफ्टनंट त्यांचा नातू. त्या अवरक्त पट्ट्यात मातीतलं पाणी, चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आपापले ठसे उमटवतात. वेलीला मिळणाऱ्या पालाशाचा किंवा स्फुरदाचा तिथं स्वतःचा असा ठळक ठसा नसतो. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती अशी असेल तर पालाश साधारण इतकं असतं, या आधीच्या नमुन्यांवर बसवलेल्या गणितावरून ते काढतात. गणित ज्या मातीवर बसवलं तिच्यासाठी ते उपयोगी. गोदाकाठच्या खोल काळ्या मातीचे पुरेसे नमुने त्यात नसतील तर ते मोबाईलवरच्या आकड्यात दिसत नाही. आकडा तेवढाच आत्मविश्वासाने येतो. उपग्रहाच्या चित्रातही तेच. हरितद्रव्य लाल प्रकाश गिळतं आणि निरोगी पान अवरक्त प्रकाश परतवतं, म्हणून हिरवेपणा मोजता येतो. तो कमी झाला तो नत्रामुळे, पाण्याच्या ताणामुळे की डावणी रोगामुळे, हे त्या मोजमापातून निघत नाही.

ही साधनं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. बागेचा कोणता कोपरा मागे पडला हे ती झटपट दाखवतात, आणि देठ कुठले तोडायचे ते त्यावरून ठरवता येतं. माझी हरकत दोन्ही आकडे एकाच टाईपात, एकाच तोऱ्यात छापण्याला आहे. एक ओळख पटवून दिलेली साक्ष आहे आणि दुसरा जाणत्याचा अंदाज. कोर्टात या दोघांना एका आसनावर बसवत नाहीत.

यावर म्हटलं जातं की शेतकऱ्याने इतक्या खोलात कशाला जायचं, सल्लागार आहे की. पण अनेकदा सल्ला देणारा आणि खत विकणारा एकच असतो, आणि ‘कमी’ या शब्दात त्याचा फायदा असतो. जो माणूस रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब पिळून ब्रिक्स बघतो, जीएचं डिपिंग पीपीएममध्ये करतो, छाटणीनंतरचे दिवस बोटावर मोजतो, त्याला हे झेपणार नाही असं मानणं हा त्याचा अपमान आहे. अहवालावर तीन गोष्टी छापून मागाव्यात. कोणत्या पद्धतीने मोजलं, काय तपासलेलं नाही, आणि तोच नमुना पुन्हा दिला तर आकडा किती इकडेतिकडे होईल. तिसऱ्याची खात्री तर स्वतः करता येते. देठ नीट धुऊन, मिसळून, दोन पिशव्यांत विभागून दोन वेगळे गट नंबर घालून द्यायचे.

आणि मुलांना रेघ डोळ्यांनी दाखवावी. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा घसरला की निफाडचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत येतं, आणि मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटतात. बुटाच्या खोक्याला ब्लेडने बारीक चीर पाडायची, समोरच्या बाजूला जुन्या सीडीचा तुकडा तिरपा बसवायचा आणि वरच्या भोकातून पाहायचं. शेकोटीचा उजेड तांबड्यापासून निळ्यापर्यंत सलग पसरलेला दिसतो. तो तापलेल्या काजळीचा. किती तापलं ते त्यातून कळतं, काय तापलं ते नाही. मग जाळावर मिठाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. त्या सलग पट्ट्यावर एक पिवळी रेघ उठून येते, आणि मीठ संपेपर्यंत तिथंच राहते. हेलियमची जागा तिच्या दीड नॅनोमीटर अलीकडे, हिरव्याच्या बाजूला. सीडीच्या तुकड्यात त्या दोन जागा वेगळ्या दिसत नाहीत. जमखंडीच्या यंत्रातही दिसल्या नव्हत्या.